परड्यातील रेल्वे: आधी सिग्नल, मग रूळ

घरामागच्या परड्यात रूळ टाकून छोटी आगगाडी फिरवणे फारसे अवघड नाही. मात्र त्या गाडीला स्थानके, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागा) आणि खऱ्यासारखे काम करणारे सिग्नल द्यायचे असतील, तर कामाचा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. बहुतेक जण आधी रूळ टाकतात, गाडी धावू लागली की समाधान पावतात आणि नंतर शोभेसाठी दोनचार सिग्नल रोवतात. पहिल्या खेपेस मीही हेच केले आणि पुढे सिग्नलच्या तारा रुळांखालून नेण्यासाठी अर्धा मार्ग उखडावा लागला. म्हणून या लेखात सिग्नल आधी ठरवले आहेत आणि जमीन, रूळ व गाडी त्यांच्या मागून आली आहेत.

कोणती रेल्वे उभी करायची

आपल्या बेळगाव भागात राहणाऱ्याला यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. मिरज ते लोंढा हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात मीटरगेजवर घातला आणि १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज होईपर्यंत कुडची, रायबाग, घटप्रभा, पाच्छापूर, बेळगाव, देसूर, खानापूर, गुंजी ही सारी स्थानके मीटरगेजचीच होती. बागेतील रेल्वेसाठी जगभर सर्वाधिक वापरला जाणारा रूळ ४५ मिमी अंतराचा आहे. न्यूर्नबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी या नावाने तो लोकप्रिय केला आणि त्यासाठी १:२२.५ हे प्रमाण घेतले. ४५ ला २२.५ ने गुणले की १०१२ मिमी येतात, म्हणजे जवळजवळ अचूक एक मीटर. आपल्या जुन्या मार्गाला हे माप जणू बेतून दिले आहे. उलट ब्रॉडगेजचे १६७६ मिमी याच प्रमाणात आणायचे, तर ७४.५ मिमी रुंदीचा रूळ लागेल आणि तो तयार मिळत नाही. म्हणून मीटरगेजचा काळ, एकेरी मार्ग आणि हात पडणारे जुने सिग्नल ही निवड मी निःशंकपणे सुचवतो.

या प्रमाणात वायडीएम-४ हे डिझेल इंजिन सुमारे ७० सेंमी आणि मीटरगेजचा प्रवासी डबा सुमारे ८७ सेंमी लांब होतो. एक इंजिन आणि तीन डबे धरले, तर गाडी साडेतीन मीटरच्या आत बसते. त्यामुळे स्थानकातील लूप लाइनवर, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणाऱ्या रुळावर, गाडी उभी राहण्याची मोकळी लांबी किमान ४ मीटर ठेवावी. वळणाची त्रिज्या ६० सेंमीपर्यंत कमी करता येते असे तयार रुळांवरून वाटते, पण सहा चाकांच्या बोगीचे इंजिन अशा वळणावर अडते आणि दिसतेही वाईट. दीड मीटरच्या खाली जाऊ नये. चढाव १ ला ५० पेक्षा तीव्र नसावा. कॅसलरॉकहून खाली उतरणाऱ्या घाटात तो १ ला ३७ आहे हे खरे, पण तिथे गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात.

सिग्नल काय सांगतो

आपल्याकडची जुनी माणसे अजूनही ‘सिग्नल पडला’ असे म्हणतात. या बोलण्यात एक तांत्रिक सत्य साठवलेले आहे. जुन्या सेमाफोर सिग्नलचा लाल हात आडवा असला की ‘थांबा’ आणि तो ४५ ते ६० अंश खाली पडला की ‘या’, अशी ती पद्धत होती. रेल्वेच्या भाषेत आडव्या हाताला ‘ऑन’ आणि पडलेल्या हाताला ‘ऑफ’ म्हणतात. विजेचे काम करणाऱ्याला हे उलटे वाटते, म्हणून आराखड्यावर पहिल्या दिवसापासून हेच शब्द वापरावेत, नाहीतर पुढे घोटाळे होतात.

एकेरी मार्गावरच्या लहान स्थानकात गाडी येताना तिला प्रथम आउटर लागतो, मग होम. गाडी निघताना स्टार्टर लागतो. आउटरच्या खांबावर, मुख्य हाताच्या खाली, माशाच्या शेपटीसारखा खाचा असलेला दुसरा हात असतो, तो वॉर्नर. आउटर आणि वॉर्नर दोन्ही आडवे असतील तर चालकाने थांबायचे. आउटर पडला आणि वॉर्नर आडवा राहिला, तर पुढे होमपाशी थांबण्याच्या तयारीने यायचे. दोन्ही पडले, तर मुख्य मार्गावरचे सगळे सिग्नल पडलेले आहेत आणि न थांबता स्थानकातून निघून जायचे. म्हणजे दोन हातांनी तीन वेगळे निरोप जातात. हे समजले की वॉर्नर वगळून बांधलेले स्थानक मला तरी अपुरे वाटते.

होमच्या खांबाला दोन हात लागतात. मुख्य मार्गाचा हात उंच दांडीवर आणि लूपचा हात ठेंगण्या दांडीवर बसवतात. चालकाच्या दृष्टीने सिग्नल रुळाच्या डावीकडे उभा असतो आणि हातही डावीकडेच पसरलेला असतो. हाताची पुढची बाजू लाल असून टोकाजवळ पांढरा पट्टा असतो, मागची बाजू पांढरी असून तिच्यावर काळा पट्टा असतो. बाजारात मिळणारे परदेशी नमुने बघून रंगवले, तर हे तपशील चुकण्याचा संभव असतो.

आता अंतरे. खऱ्या मार्गावर होमच्या पुढे आणि मागे शेकडो मीटर राखलेले असतात. ४०० मीटर म्हणजे आपल्या प्रमाणात जवळजवळ १८ मीटर, आणि एवढे परडे फार थोड्यांकडे असते. अंतरे आखूड करण्याला इलाज नाही, पण ती मनाला येतील तशी आखूड करू नयेत. आउटर आणि होम यांच्यामध्ये एक पूर्ण गाडी उभी राहून थोडी जागा उरली पाहिजे, म्हणजे सुमारे ४ मीटर. होम सांध्याच्या अलीकडे किमान अर्धा मीटर असावा. स्टार्टरच्या अलीकडे उभी असलेली गाडी शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या गाडीला घासता कामा नये. जिथपर्यंत ती घासत नाही, त्या जागेला फाउलिंग मार्क म्हणतात आणि स्टार्टर त्याच्या आत असावा. ही जागा कागदावर काढण्याऐवजी जमिनीवर दोन डबे शेजारी शेजारी ढकलून शोधावी.

हे सगळे मोठ्या कागदावर १:२० प्रमाणात काढून घ्यावे. त्यावर प्रत्येक सिग्नलचा पाया, प्रत्येक तारेचा मार्ग आणि ती तार जिथे जिथे रुळाखालून जाते तिथल्या नळीची जागा खुणेने दाखवली, की मगच फावडे हाती घ्यावे.

जमीन आणि पाऊस

बेळगाव जिल्ह्यात एकच जमीन आणि एकच पाऊस नाही. खानापूरकडे जांभ्याची लाल जमीन आहे, पाणी लवकर निचरते, पण झड लागली की आठवडाभर ऊन दिसत नाही आणि रुळांवर शेवाळ चढते. शहापूर, येळ्ळूर शिवारात काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डिसेंबरमध्ये समतल घातलेला मार्ग पुढच्या वर्षी लाटांसारखा झालेला दिसतो. अथणी, गोकाककडे पाऊस थोडा, पण उन्हाचा तडाखा मोठा असतो.

काळ्या मातीत मार्गाच्या खाली २५ सेंमी रुंद आणि निदान ३० सेंमी खोल चर खणावा आणि निघालेली माती तिथे परत घालू नये. चरात दोन थरांत मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मसाने चांगला ठोकावा. त्यावर १५ सेंमी रुंद आणि ७ ते ८ सेंमी जाड काँक्रीटची पट्टी घालावी आणि दर २ मीटरवर सांधा सोडावा. जांभ्याच्या जमिनीत १५ सेंमी खोली पुरते. पट्टीला एका बाजूस हलका उतार द्यावा आणि दर ३ मीटरवर तिच्याखालून ५० मिमीची पीव्हीसी नळी आडवी टाकावी, म्हणजे वरच्या बाजूचे पाणी मार्गाला धरण समजून तुंबत नाही.

काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी कागद घेऊन सगळा मार्ग एकदा चालून जावा. सिग्नलच्या तारांसाठी २० मिमीच्या नळ्या, विजेच्या केबलसाठी वेगळ्या नळ्या आणि प्रत्येक सिग्नलखाली बोल्ट उभे करून पाया, हे सगळे जागेवर आहे का ते पाहावे. प्रत्येक ठिकाणी एक नळी जास्त टाकावी. या एका दिवसाच्या तपासणीने पुढचे महिने वाचतात, हे मी स्वतः भोगून सांगतो.

मातीकाम दिवाळीनंतर सुरू करून काँक्रीट थंडीत उरकावे. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की छत्री घेऊन परड्यात उभे राहावे आणि पाणी कुठे साचते ते खडूने नोंदवावे. मृगाच्या आधी दुरुस्तीला तेवढाच वेळ मिळतो.

रूळ आणि गाडी

पितळी रूळ उत्तम, पण आयात केलेले असल्याने महाग पडतात. गाडी बॅटरीवर चालणार असेल, तर रुळांतून वीज नेण्याचा प्रश्नच उरत नाही आणि ॲल्युमिनियमचे रूळही चालतात. माझा स्पष्ट कौल बॅटरीच्या बाजूने आहे. लाल धूळ, पाने, शेवाळ आणि चार महिने ओल अशा स्थितीत रूळ घासून वीजवाहक ठेवणे हे रोजचे काम होऊन बसते. लिथियम आयनचे चार सेल एकसर जोडले की १४.८ व्होल्ट मिळतात. सेलना संरक्षण देणारे बीएमएस सर्किट मात्र बसवलेच पाहिजे. आणखी एक, बॅटरीचे इंजिन हाती धरलेल्या नियंत्रकावर चालत असल्याने सिग्नल ते परस्पर थांबवत नाही. चालकालाच हात बघून थांबावे लागते, आणि सिग्नलला अर्थ येतो तो त्यामुळेच.

चाके व आस बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील लेथवर उत्तम होऊन मिळतात. कारागिराला दोन गोष्टी लिहून द्याव्यात: दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर ४० मिमी, आणि चाकाच्या तोंडाला १ ला २० उतार. त्या उतारामुळेच चाकांची जोडी सरळ मार्गावर स्वतःला मध्यभागी आणते आणि वळण सहज घेते. स्लीपर सागवानाच्या चिपांचे करता येतात, पण वाळवी त्यांना सोडत नाही. जाड पीव्हीसीचे किंवा जुन्या प्लास्टिकच्या फळ्यांचे स्लीपर जास्त टिकतात. खडी क्रशरवरून ३ ते ६ मिमीची आणावी आणि धुऊन घ्यावी, कारण तिच्यातली धूळ पहिल्या पावसात चिखल होऊन निचरा बंद करते.

उन्हात रूळ वाढतात. पितळाचा १० मीटरचा सलग तुकडा ४५ अंशांच्या फरकाने ८ ते ९ मिमी लांब होतो आणि जागा नसेल तर वळणावर बाहेर फुगतो. दीड मीटरच्या प्रत्येक तुकड्यामागे थंडीच्या सकाळी सव्वा ते दीड मिमीची फट ठेवावी. एप्रिलच्या दुपारी रूळ टाकत असाल, तर फट जवळजवळ नको. ॲल्युमिनियमला याहून थोडी अधिक फट लागते.

सिग्नल घडवणे

खांब ३० ते ३५ सेंमी उंच ठेवावा आणि हात ६ ते ७ सेंमी लांब. खांबासाठी १० मिमीची चौकोनी नळी आणि हातासाठी अर्ध्या मिमीचा पितळी किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा पुरतो. हाताच्या दुसऱ्या टोकाला दोन गोल खिडक्यांची चौकट असते. हात आडवा असताना लाल काच दिव्यासमोर येते आणि हात पडला की हिरवी. ही चौकट हातापेक्षा जड असली पाहिजे. तार तुटली, कडी निसटली, कुणाचा पाय अडकला, काहीही झाले तरी चौकटीच्या वजनाने हात आपोआप आडवा झाला पाहिजे. बांधून झालेला प्रत्येक सिग्नल खाली पाडून त्याची तार कात्रीने कापून पाहावी. हात वर गेला नाही, तर तो खांब पुन्हा कामाच्या टेबलावर न्यावा.

दिव्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रॉकेलच्या दिव्याचा उजेड पिवळा असल्यामुळे जुन्या सिग्नलमधील ‘हिरवी’ काच प्रत्यक्षात निळसर असे. पिवळा उजेड तिच्यातून गेला की हिरवा दिसे. तुम्ही उबदार पिवळसर एलईडी लावणार असाल, तर निळसर काच घ्यावी, म्हणजे संध्याकाळी जो हिरवा रंग दिसतो तो अगदी जुन्या स्थानकाचा असतो. १२ व्होल्टवर एका एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे ९ ते १० मिलीॲम्पियर प्रवाह जातो आणि तो पुरेसा आहे. जास्त उजेड केला, तर रॉकेलचा दिवा हरवतो.

हात हलवण्यासाठी बहुतेक जण लहान सर्वो मोटर वापरतात. ती स्वस्त आहे, पण वीज गेली की तिचे दाते हाताला आहे त्या जागी धरून ठेवतात आणि पडलेला सिग्नल पडलेलाच राहतो. शिवाय ओलीत ती एका पावसाळ्याहून जास्त टिकेल याची खात्री नसते. म्हणून १० मीटरच्या आतील सिग्नलसाठी मी खऱ्या रेल्वेचीच पद्धत वापरतो: सिग्नल केबिनमधला लिव्हर ओढायचा आणि तारेने हात पाडायचा. स्टेनलेस स्टीलची पाऊण मिमीची तार रुळाच्या कडेने, दर मीटरवर रोवलेल्या खुंट्यांवरच्या लहान पुल्यांवरून न्यावी, वळणाला मोठी पुली लावावी आणि रूळ ओलांडताना ती आधीच पुरलेल्या नळीतून काढावी.

हाताच्या आसाला १५ मिमीचा दांडा असेल, तर हात ५० अंश पडण्यासाठी तारेला सुमारे १३ मिमी ओढ लागते. लिव्हरच्या टेकूपासून अडीच सेंमीवर तार बांधली आणि लिव्हर ४० अंश फिरला, तर १७ मिमी ओढ मिळते. उरलेले ४ मिमी तारेच्या ढिलाईत जातात. ढिलाई नसली तर हातावर ताण येऊ नये म्हणून तारेत एक मऊ स्प्रिंग घालावी. अशी १० मीटर तार ३० अंशांच्या फरकाने सुमारे ५ मिमी वाढते, म्हणजे सकाळी नीट पडणारा हात दुपारी अर्धवट पडतो. खऱ्या केबिनमध्येही हाच त्रास होता आणि तिथेही तार ताणण्याची सोय असे. प्रत्येक लिव्हरपाशी एक छोटा टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) लावला की काम भागते. अर्धवट पडलेला हात चालकाने नेहमी ‘थांबा’ असाच समजावा.

इंटरलॉकिंग

एकमेकांशी न जुळणारे लिव्हर ओढताच येऊ नयेत अशी अडवणूक म्हणजे इंटरलॉकिंग. या कामाचा गाभा इथे आहे, आणि इथे घाई करू नये. लिव्हरची चौकट पडवीत, पावसापासून आडोशाला, कमरेच्या उंचीवर बसवावी. लिव्हर २० बाय ३ मिमीच्या लोखंडी पट्टीचे, ३० सेंमी लांब. रंग ठरलेले आहेत: थांब्याच्या सिग्नलचे लाल, सांध्याचे काळे, सांध्याच्या कुलपाचे निळे आणि रिकामे पांढरे.

स्थानकाच्या एका टोकाला आठ लिव्हर लागतात. क्रमांक १ वॉर्नर, २ आउटर, ३ मुख्य मार्गाचा होम, ४ लूपचा होम, ५ सांधा, ६ सांध्याचे कुलूप, ७ मुख्य मार्गाचा स्टार्टर आणि ८ लूपचा स्टार्टर. आता प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारायचा: हा लिव्हर ओढताना दुसरे कोणते लिव्हर कोणत्या स्थितीत असलेच पाहिजेत? क्रमांक ३ पडायचा, तर सांधा सरळ मार्गाला असला पाहिजे, कुलूप लागलेले असले पाहिजे आणि ४, ७, ८ आडवे असले पाहिजेत. ४ ला तेच नियम, फक्त सांधा लूपकडे. ७ ला सांधा सरळ हवा, ८ ला लूपकडे, आणि दोघांनाही ३ व ४ आडवे हवेत, कारण एकेरी मार्गावर येणारी आणि जाणारी गाडी एकाच तोंडाशी बोलावता येत नाही. ५ हलवायचा, तर कुलूप उघडे हवे, आणि कुलूप उघडायचे, तर त्या सांध्यावरचा एकही सिग्नल पडलेला नसावा. १ पडायचा तर २, ३ आणि पलीकडच्या टोकाचा मुख्य स्टार्टर हे सगळे आधी पडलेले हवेत. या शेवटच्या नियमामुळे दोन्ही टोकांच्या चौकटी एकाच जागी शेजारी शेजारी असणे सोयीचे ठरते.

हे नियम लोखंडात उतरवण्याची जुनी युक्ती सोपी आणि सुंदर आहे. प्रत्येक लिव्हर आपल्यासोबत एक सपाट पट्टी मागे-पुढे सरकवतो आणि त्या पट्टीच्या कडेला व्ही आकाराची खाच असते. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक आडवा तुकडा असतो, त्याची दोन्ही टोके खाचेच्या आकाराची. पहिली पट्टी सरकली की तिची कड तुकड्याला बाजूला ढकलते, तुकडा दुसरीच्या खाचेत शिरतो आणि दुसरी जागच्या जागी अडकते. पहिली परत आपल्या जागी आली की दुसरी मोकळी होते. एकमेकांना अडवणाऱ्या ३ आणि ४ साठी असा एक तुकडा पुरतो. एखादा लिव्हर ‘आधी ओढलेला असलाच पाहिजे’ असा नियम असेल, तर त्याच्या पट्टीवरची खाच ओढलेल्या स्थितीत तुकड्यासमोर येईल अशा जागी कापायची. लोखंड कापण्याआधी सगळी रचना जाड पुठ्ठ्यात करून टाचण्यांनी बसवून पाहावी. माझ्या पहिल्या पुठ्ठ्यात ७ आणि ४ एकाच वेळी ओढता येत होते, आणि ही चूक कागदावर तीनदा वाचूनही दिसली नव्हती.

आठ लिव्हरच्या एकूण मांडण्या २५६ होतात. त्यातल्या चालणाऱ्या फार थोड्या. चाचणी घेताना योग्य मार्ग लागतो का हे पाहणे पुरेसे नाही. घरातल्या ज्याला यातले काहीच माहीत नाही अशा व्यक्तीला चौकटीसमोर उभे करावे, वाटेल ते लिव्हर वाटेल त्या क्रमाने जोर लावून ओढायला सांगावेत आणि आपण सांध्यापाशी बसून बघावे.

दोन स्थानकांमधील लाइन क्लिअर

दोन स्थानकांमधल्या मार्गावर, म्हणजे एका विभागात, एका वेळी एकच गाडी, हा मूळ नियम. त्यासाठी पुढच्या स्थानकाकडून लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगी, मिळाल्याशिवाय स्टार्टर पडता कामा नये. दोन्ही केबिनमध्ये एक घंटा आणि एक बटण बसवावे. भारतीय रेल्वेच्या संकेतात दोन ठोके म्हणजे ‘लाइन क्लिअर आहे का’, तीन म्हणजे ‘गाडी विभागात शिरली’, चार म्हणजे ‘गाडी विभागातून बाहेर पडली’ आणि सहा म्हणजे धोका. समोरच्या स्थानकाने तेच ठोके परत वाजवले की निरोप पोहोचला असे समजायचे.

स्टार्टरच्या लिव्हरला १२ व्होल्टचा सोलेनॉइड कुलूप म्हणून लावावा, पण त्याची खिट्टी स्प्रिंगने आत राहणारी आणि वीज दिल्यावरच बाहेर येणारी असावी. मग वीज गेली, केबल तुटली, तरी स्टार्टर पडत नाही. हे कुलूप उघडण्याचे काम आर्डुइनो नॅनोसारख्या प्रोग्राम करता येणाऱ्या लहान बोर्डावर सोपवता येते: समोरच्या स्थानकाने बटण दाबून परवानगी दिली की कुलूप एकदाच उघडायचे आणि ती गाडी पूर्ण बाहेर पडल्याशिवाय पुन्हा उघडायचे नाही.

गाडी ‘पूर्ण’ बाहेर पडली हे कसे कळणार? रुळांमधून वीज सोडून गाडी ओळखण्याची पद्धत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये काढली आणि जगभर ती रुजली, पण आपल्या झडीत भिजलेली खडी दोन्ही रुळांना जोडून टाकते आणि रिकामा मार्ग दिवसभर भरलेला दिसतो. इन्फ्रारेडचे सेन्सर उन्हात आंधळे होतात. मी रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की लागणारा स्विच, वापरतो. इंजिनाखाली उजव्या बाजूला आणि शेवटच्या डब्याखाली डाव्या बाजूला ८ बाय ३ मिमीचे निओडिमियम चुंबक चिकटवायचे आणि होमच्या आत दोन रीड स्विच दोन बाजूंना बसवायचे. उजवा स्विच लागला म्हणजे गाडीचे तोंड आले. डावा लागला म्हणजे शेपूट आले. खऱ्या स्थानकातही शेवटच्या डब्याची एलव्ही (लास्ट व्हेइकल) पाटी पाहिल्याशिवाय गाडी पूर्ण आली असे धरत नाहीत. वाटेत डबा सुटला, तर डावा स्विच लागत नाही आणि मार्ग बंदच राहतो. मात्र गाडी सबंध फिरवणारा फासा किंवा टर्नटेबल ठेवला, तर बाजूंची अदलाबदल होते, म्हणून या पद्धतीत तो टाळावा. रीड स्विचची काचेची नळी नाजूक असते. ती हीट श्रिंकमध्ये (तापवली की आकसणाऱ्या नळीत) घालून इपॉक्सीत बुडवावी, आणि चुंबकापासूनचे अंतर १० मिमीपासून सुरू करून प्रयोगाने ठरवावे.

केबलमध्ये काटकसर करू नये. २० मीटर अंतरावर, जाऊन-येऊन ४० मीटर, अर्ध्या चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत १ ॲम्पियरला सुमारे दीड व्होल्ट वाटेतच जातात. दीड चौरस मिमीच्या तारेत अर्धा व्होल्ट. १२ व्होल्टचा सप्लाय घरात, ३० मिलीॲम्पियरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की ती तोडणाऱ्या स्विचमागे) ठेवावा आणि २३० व्होल्ट परड्यात कोणत्याही कारणाने नेऊ नयेत.

फाटक

बेळगावात वाढलेल्या माणसाला टिळकवाडीचे पहिले, दुसरे आणि तिसरे रेल्वे गेट सांगावे लागत नाही. सायकलवर एक पाय टेकून फाटक उघडण्याची वाट पाहणे हा आपल्या लहानपणाचाच एक भाग आहे. म्हणून परड्यातील पायवाट जिथे रूळ ओलांडते तिथे फाटक जरूर करावे. नियम एकच: फाटक बंद होऊन त्याला कुलूप लागल्याशिवाय गाडीचा सिग्नल पडत नाही आणि सिग्नल पुन्हा आडवा होऊन गाडी निघून गेल्याशिवाय फाटक उघडत नाही. चौकटीत आणखी एक लिव्हर आणि एक खाच वाढवली की हे साधते. फाटक स्थानकापासून दूर असेल, तर त्याला स्वतःचा सिग्नल द्यावा आणि त्याच्या खांबावर ‘जी’ अक्षराची पिवळी चकती लावावी.

गाडी चालवणे

दोन केबिनमध्ये दोन माणसे आणि हाती नियंत्रक घेतलेला एक चालक, असे तिघे तरी हवेत. आमच्याकडे एका केबिनमध्ये शेजारचे निवृत्त काका बसतात आणि दुसरीत माझी मुलगी. काकांनी दोन ठोके दिले की ती समोरचा मार्ग डोळ्यांनी पाहून मगच परत दोन ठोके देते. सुरुवातीला एकच गाडी घेऊन प्रत्येक हालचाल मोठ्याने बोलत करावी: कुलूप उघडले, सांधा लूपकडे, कुलूप लावले, होम पाडला. गाडी आत आली की होम लगेच आडवा करावा. ही सवय हाताला लागली की दुसरी गाडी आणावी आणि लूपवर एकीला थांबवून दुसरी मुख्य मार्गाने सोडावी. एकेरी मार्गावरचे क्रॉसिंग पहिल्यांदा बिनचूक जमते तेव्हा कुणी बोलत नाही, सगळे शेवटच्या डब्याकडे बघत असतात.

मेच्या अखेरीस बॅटऱ्या काढून घरात ठेवाव्यात, सोलेनॉइड आणि बोर्ड उतरवावेत, पुल्यांना ग्रीस लावावे, तारा थोड्या सैल कराव्यात आणि आडव्या नळ्यांत घुशींनी माती भरली नाही ना ते पाहावे. सगळे सिग्नल आडवे करून लिव्हर सुतळीने बांधावेत आणि चौकटीवर ताडपत्री टाकावी. दसऱ्याच्या आसपास ती काढली की सर्वांत आधी होमची तार ओढून, सोडून, हात आपल्या वजनाने वर जातो का ते तपासावे.